परगावची अब्रू

आमच्या घरात सध्या एक कादंबरी लिहिली जात आहे. लिहिणारी माझी नात आहे. ती पुण्याला नोकरी करते आणि रात्री लिहिते. गेल्या दिवाळीत ती अमळनेरला आली, तेव्हा भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, फराळाची ताटली बाजूला सारून तिने मला विचारले, “आजोबा, फुईआजीची गोष्ट मला नीट सांगाल? घरात सगळे अर्धी अर्धी सांगतात.”

मी म्हणालो, “सांगेन सवडीने.” निवृत्त शिक्षकाला सवड नसते असे कोणी म्हणणार नाही. तिनेही म्हटले नाही, पण ती हसली. ते हसणे मला पुढचे कित्येक दिवस पुरले.

फुई म्हणजे आत्या. आमच्याकडे खानदेशात हाच शब्द. माझी फुई लग्नानंतर चार वर्षांनी माहेरी परत आली आणि शेवटपर्यंत माहेरीच राहिली. तिची गोष्ट मी एकदा सांगितलेली आहे, छापून सांगितलेली आहे; आणि ती तशी सांगायला नको होती, असे गेली पन्नासावर वर्षे मला वाटत आले आहे. परंतु तिच्याकडे वळण्यापूर्वी मला समुद्राकडे जायला हवे. वाचकांनी थोडा धीर धरावा.

आमच्या लहानपणी समुद्र कोणी पाहिलेला नव्हता. उन्हाळ्यात बोरीचे पात्र कोरडे पडायचे. तापीला पाणी असे, पण पलीकडचा काठ दिसत असे. ज्याचा पलीकडचा काठ दिसत नाही असे पाणी आम्हांला फक्त पुस्तकांतून माहीत. त्या पुस्तकांतली पहिली दोन नावे म्हणजे साने गुरुजी आणि श्री. ना. पेंडसे. दोघेही एकाच तालुक्यातले. गुरुजी दापोलीजवळच्या पालगडचे, पेंडसे मुर्डीचे. गुरुजींना अमळनेरने जवळजवळ आपलेच मानून टाकले आहे. ते इथल्या तत्त्वज्ञान मंदिरात आले, इथल्या शाळेत शिक्षक झाले, छात्रालयातल्या मुलांची अंथरुणे त्यांनी घातली. पण ‘श्यामची आई’तला श्याम बोरीकाठचा नाही, तो कोकणातला आहे. त्याच्या अंगणात पाऊस पडतो तसा पाऊस आमच्याकडे पडत नाही. त्याच्या वाटेवर हर्णैचे बंदर येते, आणि बंदर म्हणजे काय हे आमच्या बाईंना फळ्यावर चित्र काढून सांगावे लागले होते. चित्रातली आगबोट बैलगाडीसारखी दिसत होती हे आता आठवते.

पेंडसे आमच्या घरात आले ते वाचनालयाचे पुस्तक होऊन. वैशाखात आखाजीला सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात. रात्री उकाडा असा की घरात निजणे शक्य नसे. सगळे घर धाब्यावर. पाणी शिंपडून गार केलेल्या मातीवर गोधड्या टाकायच्या आणि मग मी, घरातला शिकणारा मुलगा, कंदिलाशी बसून वाचून दाखवायचे. ‘गारंबीचा बापू’ मी असाच वाचला. तो १९५२ सालचा, म्हणजे माझ्याहून थोडासाच लहान. गावाच्या नाकावर टिच्चून राधेबरोबर राहणारा बापू बायकांना आवडला. काकूंनी तोंडाला पदर लावला, पण पुढचे पान उलटायला उशीर झाला की पहिला तगादा त्यांचाच. मग ‘रथचक्र’ वाचले. १९६२ सालची ती कादंबरी, पुढच्याच वर्षी साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळालेली. मुलांच्या शिक्षणासाठी भरल्या घरातून बाहेर पडणारी आणि एकटीने झुंजणारी ती बाई. नवरा असून नसल्यासारखा. तीन रात्री मी वाचत होतो आणि फुई कठड्याला टेकून, आमच्याकडे पाठ करून ऐकत होती. तिसऱ्या रात्री तिने विचारले, “भाऊ, ती बाईले त्यानी इचारेल व्हतं का?”

म्हणजे त्या बाईला त्याने विचारले होते का. कोणी, असे मी म्हटले. “जो लिखस तो,” ती म्हणाली.

मी तिला सांगितले, अगं फुई, ती बाई खरी नाही, ती कादंबरीतली आहे. सगळ्या बायका हसल्या. मीही विजयी मुद्रेने हसलो. मला तेव्हा मिसरूड फुटत होते, आणि त्या वयात माणसाला उत्तरे फार चटकन सुचतात.

गेल्या हिवाळ्यात, नातीच्या प्रश्नाला सवड मिळावी म्हणून नव्हे, पण त्या प्रश्नापासून थोडे दूर जावे म्हणून म्हणा हवे तर, मी मुलाबरोबर दापोलीला गेलो. पंचाहत्तरीत प्रथमच ही वाट धरली. पालगडला गुरुजींचे घर पाहिले. मुर्डीला गेलो, आसूदला सुपारीच्या बागांतून, पाटाच्या कडेने, पायऱ्या चढून केशवराजाला गेलो. गारंबी हे पेंडशांच्या कादंबरीतले नाव. माझ्यासारखे वाचक ती याच मुर्डी-आसूदच्या परिसरात शोधत हिंडतात. एका बागेत काम करणाऱ्या वयस्क गृहस्थांना मी विचारलेच, “गारंबी नेमकी कुठली हो?” त्यांनी मला नीट न्याहाळले, माझे धोतर पाहिले, आणि म्हणाले, “देशावरून आलात काय? तुम्ही ज्या गावात विचाराल ना, ते गाव म्हणेल आमचीच. आता सगळ्यांनाच पायजे झालीय.” मग थोडे थांबून, “आमच्या आज्याच्या वेळेला कुणी आमची म्हणाला असता की नाही, सांगवत नाही.”

संध्याकाळी हर्णैला उतरलो. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग, अलीकडे किनाऱ्याशी कनकदुर्ग. तुळाजी आंग्र्यांकडून तो सुवर्णदुर्ग १७५५ साली पेशव्यांनी आणि इंग्रजांनी मिळून घेतला. आपल्याच आरमाराची एक बाजू आपणच परक्याच्या मदतीने कापून काढली, असे इतिहास शिकवताना मी वर्गात दर वर्षी म्हणत असे. ते म्हणताना समोर तट असा उभा राहील याची कल्पना नव्हती. वाळूवर मासळीचा लिलाव चालला होता. टोपल्या, ओरडा, ओले पाय, बोली पुकारणाऱ्या बायकांचे तिखट आवाज. आमचे घर माळकरी. मी वासानेच चार पावले मागे सरलो. आणि तिथे, त्या चार पावलांत, माझ्या मनात आले की या गर्दीतली एखादी बाई कुणाच्या तरी कादंबरीत गेली असेल, आणि तिची कुचंबणा मी जळगाव जिल्ह्यात धाब्यावर पडून, आकाशातल्या चांदण्या पाहत, गोडीने ऐकली असेल. मला तिचा वास सोसला नाही, पण तिचे दुःख मात्र मोठे वाङ्मय म्हणून आवडले.

प्रश्न खरा हा आहे. गावाकडचा लेखक गावाची कादंबरी लिहितो, तेव्हा ती कोणाच्या मालकीची गोष्ट असते? आणि ती वाचून आपण तृप्त होतो, ती तृप्ती कोणाच्या खर्चाने?

एक गोष्ट मला आधी कधी जाणवली नव्हती. कोकणच्या किनाऱ्यावरची ही सगळी माणसे किनारा सोडल्यावर लिहिती झाली. पेंडसे लहानपणीच मुंबईला गेले, तिथे बी.ई.एस.टी.त नोकरी करत त्यांनी कादंबऱ्या लिहिल्या. जयवंत दळवी वेंगुर्ल्याजवळच्या आरवलीचे; ‘सारे प्रवासी घडीचे’ १९६४ साली आले तेव्हा तेही मुंबईकरच होते. खानोलकर कुडाळची खानावळ मागे ठेवून १९५९ साली मुंबईला आले आणि ‘कोंडुरा’ १९६६ची. कोंडुरा हे त्यांच्या वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावरचे खरेखुरे ठिकाण आहे. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ १९३३ साली लिहिली ती तर नाशिकच्या तुरुंगात, चार-पाच दिवसांत. दूर गेल्याने दिसते चांगले, असे याचे समर्थन करतात, आणि ते खरेही असेल. पण दुसरेही एक कारण असू शकेल. दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीवर त्या माणसांशी गाठ पडायची नसते! आमच्या सांगवीच्या भालचंद्र नेमाड्यांनी ‘कोसला’ १९६३ साली गावात बसून लिहिली आणि नायकाच्या आडनावातच गावाचे नाव घातले, याचे मला म्हणूनच विशेष वाटते. धाडस म्हणावे की पंचविशीतली बेपर्वाई, ते वाचकांनी ठरवावे. माझ्या मते दोन्ही.

नाव बदलले म्हणजे लेखक मोकळा होतो का? या बाबतीत परदेशातली एक हकीकत मला फार बोलकी वाटते. जर्मनीत बाल्टिक समुद्राजवळ ल्यूबेक नावाचे जुने व्यापारी बंदर आहे. तिथल्या धान्याच्या व्यापाऱ्यांच्या घराण्यातला एक मुलगा, टोमास मान, म्यूनिकला गेला आणि १९०१ साली, सव्विसाव्या वर्षी, त्याने ‘बुडेनब्रोक्स’ ही कादंबरी प्रसिद्ध केली. चार पिढ्यांत एक श्रीमंत घराणे कसे झिजत जाते याची ती कथा. शहराचे नाव त्याने कुठेही घातले नाही. पण ल्यूबेकमध्ये याद्या फिरू लागल्या: कादंबरीतला अमुक म्हणजे आपल्या गल्लीतला तमुक. माणसे दुखावली. लेखकाचा सख्खा काका त्यात ओळखू येत होता, थट्टेचा विषय होऊन. त्या काकाने बारा वर्षे सोसले आणि १९१३ साली गावच्या वर्तमानपत्रात पैसे भरून जाहिरात दिली, की माझ्या पुतण्याच्या पुस्तकामुळे मला फार मनस्ताप होत आहे, आणि आपलेच घरटे घाण करणाऱ्या पाखराला काय म्हणावे. १९२९ साली पुतण्याला नोबेल पारितोषिक मिळाले, ते मुख्यतः याच कादंबरीसाठी. १९५५ साली ल्यूबेकने त्याला सन्माननीय नागरिक केले. आज त्या घराण्याचे घर हेच त्या शहराचे भूषण आहे.

ही हकीकत मी वर्गात सांगत असे ती लेखकाच्या विजयाची म्हणून. गाव पन्नास वर्षांनी शहाणे झाले, असे तात्पर्य. आसूदच्या त्या बागेतून उतरताना मला त्यातली फट दिसली. ज्यांनी मान दिला, ते दुखावलेले नव्हते. आणि ज्याने जाहिरात दिली, तो मान देणाऱ्यांत नव्हता. काका तोवर कधीच गेलेला. नातवंडांना अभिमान वाटला म्हणून आजोबांची माफी मिळाली असे कसे म्हणता येईल? माफी काही वारसाहक्काने दुसऱ्याच्या हाती येत नाही. अमुक ऋणकोने धनकोच्या नातवाला मिठाई दिली आणि कर्ज फिटले, असे आमच्या बाजारपेठेत तरी कोणी मान्य करणार नाही.

यावर कोणी म्हणेल, मग इतिहासकारांचे काय? धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळात जाऊन पाहा. इतिहासाचार्य राजवाडे घरोघरच्या पेट्या, पेटारे आणि रुमाल धुंडाळत उभा महाराष्ट्र हिंडले, ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ बावीस खंडांत छापली, १९२६ साली धुळ्यातच देह ठेवला. लोकांच्या घरातल्या भाऊबंदक्या त्यांनी चव्हाट्यावर आणल्याच की! (कादंबरी या विषयावरही त्यांनी एक दणदणीत निबंध लिहिला आहे, त्या माणसाला काही वर्ज्य नव्हते.) पण इतिहासकाराने उघडलेल्या पेटीचा मालक दीडदोनशे वर्षांपूर्वी गेलेला असतो. कादंबरीकाराने उघडलेल्या पेटीचा मालक शेजारच्या खोलीत जेवत असतो.

आता फुई.

तिचा नवरा लग्नानंतर दोन-तीन वर्षांनी सुरतेला गिरणीत कामाला गेला. आमच्या स्टेशनावरून सुरतेची गाडी जाते. त्या गाडीने गेलेली पुष्कळ माणसे परतली, काही नाही परतली. सासरी तिचे हाल होऊ लागले तेव्हा आजोबांनी तिला घरी आणले. येईल, काम बरे चालले आहे, जागा मिळाली की घेऊन जाईल, असे घरात बोलले जाई. गल्लीतही तेच ठरलेले होते. फुई कुंकू लावी, वटपौर्णिमेला बायकांबरोबर वडाला जाई, आखाजीला सासुरवाशिणींच्या झोक्यावर बसे. कुणी विचारले, तर म्हणे, सुरतेले शेत.

तिच्या पत्र्याच्या पेटीत एक कार्ड होते. ते आले तेव्हा आजोबांनी तिला वाचून दाखवले होते आणि नंतर त्याविषयी ते कधी बोलले नाहीत. तिला वाचता येत नव्हते. मी तिसरी-चौथीत असताना एका दुपारी, सगळे निजलेले असताना, तिने ते काढून माझ्यापुढे धरले. मी अक्षरे लावून लावून वाचले. त्याने तिकडे दुसरे घर मांडले होते. एक मुलगी होती. वाट पाहू नये, असे होते. तिने ते पुन्हा एकदा वाचायला लावले, मग परत पेटीत ठेवले आणि मला गूळ-शेंगदाणे दिले. पुढे दोन-तीन वर्षे, वर्षातून एखाद वेळ, ती माझ्याकडून ते कार्ड वाचून घेई. मला निवडले ते मी लहान होतो म्हणून. ज्याला अर्थ कळत नाही त्याच्याकडून अर्थ समजून घेता येतो. हे सारे मला फार पुढे उमगले.

१९७० साली मी जळगावला महाविद्यालयात होतो. वार्षिक अंकासाठी मी कथा लिहिली. नाव ‘कार्ड’. मी गाव बदलले, अमळनेरचे चोपडे केले. सुरतेची मुंबई केली. बाईला दुसरे नाव दिले. शेवट मात्र जमेना. पेटीत कार्ड ठेवून जगत राहणारी बाई, यात काही शेवट होत नव्हता. म्हणून मी नदीला पूर आणला आणि तिला ते कार्ड पुरात सोडायला लावले. प्राध्यापकांनी पाठ थोपटली. पंधरा रुपये बक्षीस मिळाले.

अंक घरी आला. चुलत बहिणीने तो ओसरीवर बायकांना मोठ्याने वाचून दाखवला, जसा मी धाब्यावर वाचत असे तसा. मी तिथे नव्हतो. पण निम्म्या कथेत वाचणारीचा आवाज कसा खाली आला हे तिने मला पुढे सांगितले. मी काहीच लपवले नव्हते. ती पत्र्याची पेटी, तिच्यावरचे मोराचे चित्र, किल्लीचा करगोटा, सगळे जसेच्या तसे होते. बारकाव्यांबद्दलच तर बक्षीस मिळाले होते.

मी सुट्टीत घरी गेलो तेव्हा फुईने मला वाढले, नेहमीसारखे. भरीत, भाकरी, वर कांद्याची पात. मग म्हणाली, “तो कागद मी पानीमा नही टाका रे भाऊ.” एवढेच. रागावली नाही. विचारले नाहीस, असेही म्हणाली नाही. मी सांगू लागलो, अगं, ती कथेतली बाई, ती काही तू नव्हेस. तिने माझ्याकडे पाहिले, आणि ‘रथचक्र’च्या तिसऱ्या रात्रीचे माझे विजयी हसणे मला परत मिळाले.

त्या वर्षी वटपौर्णिमेला ती वडाला गेली नाही. कोणी तिला नको म्हटले नव्हते. पुढेही ती कधी गेली नाही.

आणि दुसरी एक गोष्ट झाली, ती लहान आहे, पण माझ्यापुरती तीच शिक्षा. त्यापूर्वी ती मला खूप काही सांगत असे. कोणाची विहीर कशी खणली, दुष्काळात काय शिजवले, आजोबा तरुणपणी कसे होते. त्यानंतर मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात दिसलो की बायका हसून म्हणत, “गप ऱ्हा, हाऊ लिखी काढी.” सगळे थट्टेवारी चाले. फुईही हसे. पण १९८३ साली ती गेली तोवर, तेरा वर्षांत, तिने मला जुने असे काहीही सांगितले नाही. दुसऱ्याच वर्षी जळगावला साहित्य संमेलन भरले. मी गेलो होतो. ग्रामीण साहित्यावर पुष्कळ बोलणे झाले. मी पुन्हा कथा लिहिली नाही. लेखक म्हणून माझी काही फार मोठी हानी मराठीला झाली असे नाही, पण कारण हे होते.

याच्या विरुद्ध एक मोठा पुरावा माझ्याच गावात उभा आहे, हे मला ठाऊक आहे. साने गुरुजींनीही आपल्या घराची अब्रू लिहून काढली. वडिलांचे कर्ज, सावकाराचा तगादा, घरातले दारिद्र्य, आईचे अश्रू. आई १९१७ सालीच गेलेली. तिला विचारणे शक्य नव्हते. अब्रूला जपणारी ती बाई, आपल्या घराचे उघडे छप्पर सगळ्या महाराष्ट्राने पाहावे हे तिला रुचले असते का? अमळनेरात हा प्रश्न मोठ्याने विचारण्याचे धैर्य मला कधी झाले नाही, आणि आजही तो लिहिताना हात थोडा अडतो. कारण त्या पुस्तकाने माझ्यासकट लक्षावधी मुलांना आईकडे पाहायला शिकवले. १९५३ साली अत्र्यांनी त्यावर चित्रपट काढला, त्याला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. २०२३ साली पुन्हा एक निघाला. एवढे झाल्यावर विचारले होते का, हा प्रश्न क्षुद्र वाटतो. तरी तो जात नाही.

मला गुरुजींच्या बाजूने एक गोष्ट मात्र दिसते. श्यामने केलेल्या लबाड्या, त्याचा हट्ट, त्याची भीती, हे त्यांनी आधी मांडले. त्या पुस्तकात सगळ्यांत जास्त उघडा पडतो तो सांगणारा. माझ्या ‘कार्ड’मध्ये कार्ड वाचणारा मुलगा नव्हताच, मी स्वतःला त्यातून अलगद काढून घेतले होते. गोष्टीला तो नको होता, असे मी तेव्हा म्हणालो असतो. पण हीही कसोटी शेवटपर्यंत टिकत नाही. टोमास मानने स्वतःलाही सोडले नव्हते, म्हणून काकाची थट्टा कमी बोचली असेल असे वाटत नाही. आणि १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा गीतेवर बोलत होते तेव्हा शब्दन्‌शब्द टिपून घेणारे हेच गुरुजी. तिथे बोलणाऱ्याला ठाऊक होते की आपले लिहून घेतले जात आहे. जेवढे लिहून घ्यावेसे वाटेल तेवढेच माणूस बोलतो. कादंबरीला नेमके उरलेले हवे असते.

मग कादंबऱ्या लिहूच नयेत का? तसे मी म्हणू शकत नाही. मी त्यांच्यावर वाढलो आहे. फुई स्वतः त्या तीन रात्री कठड्याला टेकून बसली, एकदाही उठली नाही. त्या कोकणातल्या बाईत तिला काय सापडले ते तिने सांगितले नाही, पण काही सापडले खरे. परगावच्या बाईची अब्रू तिला उपयोगी पडली. तशी तिची अब्रू हर्णैच्या एखाद्या बाईला उपयोगी पडली असती, कोणी चांगल्या हाताने लिहिली असती तर. हा व्यवहार चालतोच तो असा, तुमच्या गावचे आम्ही वाचावे, आमच्या गावचे तुम्ही. त्यात कुणाचे तरी जाते, आणि ज्याचे जाते त्याला बहुधा काही मिळत नाही. हे जर मान्य केले, तर निदान इतके तरी म्हणता येईल की लिहिणाऱ्याने आपण ऋणात आहोत हे विसरू नये. पण ऋण कबूल केल्याने फिटते थोडेच!

परवा नातीचा फोन आला. म्हणाली, “आजोबा, मी फुईआजीचं नाव बदलणार आहे. गावही बदलते.” मी म्हणालो, गाव बदलून काही होत नाही, मी बदलले होते. तिला माझी कथा ठाऊक नव्हती. दोन मिनिटे पलीकडून आवाज नव्हता, मग तिने हळूच विचारले, “तुम्ही लिहिली होतीत?” मी तिला सगळे सांगितले, कार्ड वाचणाऱ्या मुलाचेही. ती म्हणाली, “मग मी तुमच्यावर लिहू का? तुम्ही तर आहात, तुम्हांला विचारता येईल.”

मी हो म्हटले आहे. त्या मुलावर काय लिहायचे ते लिही, त्याची तक्रार असणार नाही. पण फुई त्यात येणारच, आणि तिच्या वतीने हो म्हणायला मी कोण? पेटी माझ्या धाकट्या बहिणीकडे चाळीसगावला आहे. कार्ड अजून तिच्यात आहे, शाई फिकट झाली आहे, पण वाचता येते. नात धनत्रयोदशीला येते आहे. चाळीसगावला जाऊ या का, असे तिने विचारले आहे, आणि मी अजून उत्तर दिलेले नाही.